सातबाऱ्यावर बहिणीचं नाव

वडील गेले की तेराव्याच्या आसपास बहिणींपुढे एक कागद येतो. "सही कर गं, नुसती नोंदीपुरती." तो बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो. तो सही करायचाच असेल तर सावकाश, वाचून करावा. वारस नोंदीला बहिणीने हक्क सोडण्याची गरज नसते.

9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, झाली, शेतजमीनही त्यात आली. त्या तारखेला वडील हयात नव्हते तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मोडता येत नाही. हिशेब सोपा आहे. सहा एकर जमीन, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण, मृत्युपत्र नाही. प्रत्येकी दीड एकर, म्हणजे 60 गुंठे. (मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांना हा कायदा लागू नाही, त्यांचं गणित वेगळं.)

मग नाव गळतं कुठे? वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते; तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. हे प्रतिज्ञापत्र भाऊच करतो आणि गळती तिथेच होते. त्यात बहीण नाही म्हणजे गाव नमुना 6-क च्या वारस नोंदवहीत नाही, मग फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीत, नाही आणि नोटीसही तिला नाही. हरकतीचे 15 दिवस माहेरच्या चावडीत संपतात, ती सासरी. म्हणून महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' उघडून माहेरच्या गावाचे प्रलंबित फेरफार बघत राहावं. हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केलाच तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील, मुदत 60 दिवस. फेरफाराने मालकी ठरत नाही. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच जातो, आणि ते खर्चिक प्रकरण आहे.

नाव लागलं म्हणून हुरळून जाऊ नये, ते कुठे लागलं ते बघावं. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात भाऊ आणि 'कुळ, खंड व इतर अधिकार'मध्ये, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाच्या आणि विहिरीच्या पंगतीला, बहिणी! जुन्या सातबाऱ्यांवर हे सर्रास दिसतं. दुसरी खोच, मोठ्या भावाच्या नावापुढची 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. जुना फेरफार काढून तहसीलदाराकडे अर्ज केला की ती नोंद कमी करून बाकीच्यांची नावं लावता येतात. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, तोच आधी काढावा.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या सहीने शेतातला हक्क सुटत नाही. पण नोंदवलेलं पत्र फिरवायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि साडीचोळीवर मिटवलेल्या व्यवहारात ते जवळपास अशक्य असतं. "माहेर तुटेल" या धाकाची नोंद कुठल्याच दस्तात नसते. द्यायचंच असेल तर निदान मोबदला दस्तात लिहून घ्यावा; मुद्रांक जास्त पडेल, पडू दे.

बायकोचं नाव लावायला नवरा मरायची वाट पाहावी लागत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर 1992 च्या शासन परिपत्रकाने नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून घेता येतं. देशात शेतीची खाती बाईच्या नावावर आहेत सुमारे 14 टक्के (कृषिगणना 2015-16). पीककर्ज, पीक विमा, पीएम किसान या सगळ्यांच्या अर्जात सातबारा मागतात. खुरपणी कोण करतं ते कुणी विचारत नाही.