आमची वाटचाल: हुद्द्याचा रकाना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (धातू कापणारी, संगणकावर चालणारी मशीन), नऊ माणसं. पंपांना लागणारे बुश आणि स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे धातूचे भाग, करतो, बहुतेक जॉबवर्कच, दुसऱ्या कंपन्यांनी दिलेलं काम. 2014 ला सुरू केलं, पण खरं सांगायचं तर धंदा करायचा म्हणून नव्हे.

त्याआधी 17 वर्षं एका मोठ्या कंपनीत होतो, शेवटी क्वालिटी मॅनेजर. फिटरच्या पोराला हे फार होतं. उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात लोक माझी ओळख कंपनीच्या नावाने करून द्यायचे आणि मला ते गोड लागायचं. मग कंपनीने आमचा विभागच दुसरीकडे हलवला आणि मी घरी बसलो. पुढचे चार रविवार चर्चला गेलोच नाही. बायको म्हणाली, "अहो, बरं नाही का?" तब्येत ठणठणीत होती. अंगणात कोणी "सध्या कुठे?" विचारलं तर काय सांगू, एवढीच धास्ती.

वर्कशॉप काढलं ते त्या "कुठे"ला उत्तर म्हणून. मशीन यायच्या आधी कार्डं छापली, त्यावर 'मॅनेजिंग डायरेक्टर'. प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्यात, असा हुद्दा नसतो, सीए हसलासुद्धा. आमच्याकडे औद्योगिक सुट्टी शनिवारची, रविवारी मशीन चालू. उपासना चुकवायला आयतं कारण मिळालं.

2018 ला 1,200 बुशांचा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला होता. मशीन लावून देणाऱ्या सेटरने डिस्पॅचच्या आधीच सांगितलं होतं, "साहेब, मापाचा गेज सैल जातोय." मी त्यालाच झापलं. माझ्या मालात चूक म्हणजे माझ्यातच खोट, असं वाटायचं. डेबिट नोट आली, म्हणजे नुकसान माझ्यावर पडलं, गाडी विकावी लागली.

त्याच सुमारास एका कामासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. पाळकसाहेबांनी जुनं रजिस्टर काढलं. 1974. माझं नाव, आईवडिलांची नावं, वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'फिटर'. माझ्या धंद्याला रकानाच नव्हता. तीन महिन्यांच्या बाळाचा कसला आलाय धंदा! पण माझं बोट त्या ओळीवरून हलेना. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते, तू माझा प्रिय पुत्र. तोवर ना एक चमत्कार झालेला, ना एक शिष्य मिळालेला. हा उतारा किती वेळा कानावर पडला असेल. त्या दिवशी कळला.

नाशिकमधली आमची ख्रिस्ती वस्ती, शरणपूर, तरी मुळात कोणाची? एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनऱ्यांनी इथे आणली, त्यांना लोहारकाम, सुतारकाम शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचं पार्थिव किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होता. कधीकाळी या मुलांची ओळख म्हणजे त्यांचा बाजारभाव. ही गोष्ट वडील सांगायचे, मी अर्धवट ऐकायचो.

लगेच काही सुधारलो नाही. पण दुसऱ्या वर्षी एका लॉटमध्ये टेपर आला, म्हणजे माप एका टोकाकडे बारीक होत गेलं, तेव्हा माल जायच्या आधी गिऱ्हाइकाला मीच फोन केला. खूप ऐकून घ्यावं लागलं, लॉट पदरचा खर्च करून पुन्हा केला. ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडे आहे. पेमेंट मात्र 45 दिवसांत करायचा कायदा असून 90 दिवसांनी देतं, तो भाग वेगळा. त्या सेटरची मी माफी मागितली. आता रविवारी सकाळची शिफ्ट तोच सांभाळतो, मी उपासनेला जातो.

रिजेक्शन आलं की अजूनही रात्री झोप उडते. व्हीएमसीचे 22 हप्ते बाकी आहेत. कार्डं मात्र नवी छापली: नाव, पत्ता, फोन. छापणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं, "साहेब, नावाखालची ओळ राहिली का?"