हजेरीपट आणि तीन नंबरचा बावटा

मुलगा चौथीतला, हर्णैच्या बाजूचा, माझ्याकडे समुपदेशनाला आलेला. पोट दुखतं म्हणून शाळा बुडत होती. दोन सोनोग्राफ्या झाल्या, जंतांची औषधं झाली, काही सापडलं नाही. शाळेने हजेरीची प्रत दिली, तिच्यावर लाल शाईत ‘आळशी’ लिहून. त्या शब्दाचा राग अजून गेलेला नाही, कारण उत्तर त्याच कागदावर होतं. जून-जुलैत एकही खाडा नाही. ऑगस्टपासून 17. शाळेची भीती असती तर ती जूनमध्येच दिसली असती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, वडील घरी असतात. मी बोटीच्या फेऱ्यांच्या तारखा मागवून शेजारी लिहिल्या. बोट दर्यात, की पोट दुखलंच.

मुंबईत शिकले तेव्हा मूल आत, आई बाहेर, अशीच सवय लागली होती. सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. मुलं माझ्या खोलीत मोकळी व्हायची आणि घरी जाऊन पुन्हा तशीच. मग साल्वादोर मिनुचिनकडे वळले. हा अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ. कोण कुठे बसतं, कोणाच्या वतीने कोण बोलतं, हे तो बघायचा आणि सरळ खुर्च्या बदलायचा. दापोलीत माझी अडचण अशी की वडिलांची खुर्चीच रिकामी असते. म्हणून बोट बर्फ-डिझेल भरायला बंदरात लागते तो दिवस मी त्या घरासाठी राखून ठेवते.

त्या दिवशी चौघं आले. मुलगा आई आणि आजीच्या मध्ये बसला, वडील दाराशी. मी मोठ्या कागदावर जिनोग्राम, म्हणजे घरातल्या पिढ्यांचा नकाशा, काढायला घेतला: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली. आजोबांच्या चौकोनावर फुली मारली आणि विचारलं, “आजी, कशाने गेले?”

आजी पदराशी चाळा करत राहिली. आईने खिडकीकडे पाहिलं.

“बोट बुडली,” मुलगा म्हणाला.

त्याला हे घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. वडील त्याच्याकडे बघतच राहिले.

“बाबा दर्यात असतात तेव्हा घरी लक्ष कोण ठेवतं?” मी विचारलं.

“मी. आई रात्री जेवत नाही.”

आई रडायला लागली. वडील म्हणाले, “मॅडम, मग धंदा सोडू काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी मुलाची खुर्ची उचलून वडिलांशेजारी ठेवली, आजीला सुनेजवळ बसवलं. आजी म्हणाली, “बाय, राखण मी करते. नवऱ्याची वाट बघितलीय, लेकाचीही बघते.” ठरलं असं: बोटीचा वायरलेसवरचा निरोप बोटमालक रोज संध्याकाळी आजीला देणार, सुनेला आजी जेवायला बसवणार, मुलाने फोन उचलायचा नाही.

दोन आठवडे तो रोज शाळेत गेला. तिसऱ्या आठवड्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला. वडिलांची बोट बाहेरच होती. सकाळी आजीचा फोन, “पोट दुखतं म्हणतोय. धाडू काय?”

पुस्तकाप्रमाणे उत्तर ‘धाडा’ होतं. मी म्हटलं, “आज राहू दे, आजी. पण राखण तुमचीच.”

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरात लागली. मुलगा त्या सकाळीही शाळेत गेला नव्हता.

ते ‘आज राहू दे’ मी कोणाच्या भीतीपोटी म्हणाले, त्याच्या की माझ्या, हे अजून ठरत नाही. पुढच्या भेटीला हेच आजीला विचारणार आहे.