पंखावरचा बर्फ आणि आईचं परतीचं तिकीट

जून 2025 मध्ये अहमदाबादला टेकऑफ झाल्या झाल्या ते विमान कोसळलं, तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या घरात विमानाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. त्याच महिन्यात होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, एवढी वर्षं वाट बघितलेली, पण मामा अजून त्यात बसायला तयार नाहीत. आणि आई तर हिवाळ्यात माझ्याकडे स्टॉकहोमला येणार आहे. फोनवर एकच प्रश्न, उडता उडता इंजिनच बंद पडलं तर काय रे?

आई, इथे तसं झालेलं आहे, आणि त्यातला एकही माणूस गेला नाही.

27 डिसेंबर 1991. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-81 विमान सकाळी स्टॉकहोमच्या आर्लांडा एअरपोर्टवरून कोपनहेगनला निघालं, आत 129 माणसं. विमान रात्रभर थंडीत बाहेर उभं होतं, पंखातल्या टाक्यांमध्ये एकदम गार पडलेलं इंधन, मग गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं पंखावर पाणी धरलं आणि ते तिथंच गोठलं. हा बर्फ पारदर्शक असतो, नुसतं बघून कळत नाही, हात फिरवूनच बघावं लागतं. निघायच्या आधी बर्फ वितळवायचं औषध फवारलं होतं तरी तो राहिलाच. या विमानाची इंजिनं मागे, शेपटीजवळ, त्यामुळे टेकऑफला पंखावरून सुटलेला बर्फ थेट इंजिनात गेला. धाडधाड आवाज सुरू झाले. पायलटने पॉवर कमी केली, पण विमानातली एक ऑटोमॅटिक सिस्टीम ती परत वाढवत होती, आणि अशी सिस्टीम आहे हेच पायलट लोकांना कुणी शिकवलेलं नव्हतं! मला या सगळ्या प्रकरणात याचाच सगळ्यात जास्त राग येतो. जेमतेम एक किलोमीटर उंचीवर दोन्ही इंजिनं बंद पडली.

प्रवाशांत एक सुट्टीवरचा कॅप्टन होता तो उठून कॉकपिटमध्ये मदतीला गेला, विमान चालवणाऱ्या कॅप्टन रासमुसेन यांनी ढगातून खाली आल्यावर गॉट्रोरा गावाजवळचं एक शेत धरलं, झाडांना घासून उजव्या पंखाचा मोठा भाग तुटला, विमानाचे तीन तुकडे झाले पण आग लागली नाही. काही जण जखमी झाले, वाचले मात्र सगळे.

म्हणून आई, जानेवारीत परत जाताना विमान गेटवरून निघून मध्येच थांबेल, मोठ्या गाड्या येऊन पंखांवर गरम औषध फवारतील, वेळ जाईल, तेव्हा चिडू नको आणि घाबरू पण नको, ते तुझ्यासाठीच चाललेलं असतं. उशीर झाला तर मुंबईत धावपळ नको म्हणून मी सोलापूरची वंदे भारत दुसऱ्या दिवशीचीच काढणार आहे, रात्री मावशीकडे राहा.