गाडी वळंना झालीया

"मिस्त्री, गाडी वळंना झालीया. अजून कडक स्प्रिंग टाकूया का?"

इचलकरंजीहून दादांचा फोन आला तेव्हा मी उसाच्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वाकलेला ॲक्सल बघत होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं अलाईनमेंटचं दुकान आहे. पोटापाण्याचं काम म्हणजे टेम्पो, वडाप, हंगामात उसाच्या गाड्या. पण वर्षातून पाच-सहा जण असे येतात की ज्यांना गाडी सरळ चालवण्यात रस नसतो, वळवण्यात असतो. दादा त्यातलेच. यंत्रमागाचा धंदा, वय पंचेचाळीस, आणि 2012 ची पेट्रोल स्विफ्ट खास ट्रॅकसाठी ठेवलेली. मागची सीट काढलेली, आणि नऊ महिन्यांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका गॅरेजातून बसवून आणलेले उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप.

मी म्हटलं, "स्प्रिंग नंतर बघू. पुढच्या वेळी ट्रॅकवर जाताना मला घेऊन चला."

असं फेब्रुवारीत आमचं कोइमतूरला जाणं झालं. स्विफ्ट टेम्पोत चढवून आदल्या दिवशीच पाठवलेली, आम्ही दादांच्या मोठ्या गाडीतून मागोमाग. बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम करत हजारेक किलोमीटर. इचलकरंजीच्या माणसाला कोइमतूर परकं नाही, सूत आणि यंत्रं या निमित्तानं येणं-जाणं असतंच. ज्यांच्या नावानं कोइमतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा तो ट्रॅक आहे, ते करिवर्धनही गिरणीवाल्या घराण्यातलेच. मारुती 800 चं इंजिन घालून त्यांनी फॉर्म्युला मारुती नावाची एका माणसाची रेसगाडी बनवली होती. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले, पुढे त्यांच्या आठवणीत हा ट्रॅक झाला. दादा हे सगळं वाटेत मोठ्या आपुलकीनं सांगत होते. मला मात्र एकच काळजी होती. वीस-वीस मिनिटांची चार सत्रं आणि मधला वेळ, एवढ्यात मी काय काय उकलणार?

पहिल्या सत्राआधी मी काहीच बदललं नाही. फक्त चारही शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर वायर बांधायची एकेक प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली आणि खाली सरकवून ठेवली. चाक वर उचललं गेलं की शॉकअपची बॉडी ती पट्टी वर ढकलते, चाक खाली आलं तरी पट्टी तिथंच राहते. दहा रुपयांचं काम, पण ते खोटं बोलत नाही. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारल्या. हवा तपासली तर थंड टायरात 36. "ट्रॅकवर जास्त पाहिजे ना?" दादांनी विचारलं. मी म्हटलं, एकदा फिरून या.

गाडी परत आली तशी मी सुई टोचायचा थर्मामीटर घेऊन पुढच्या टायरला बसलो. लांबून लाल ठिपका मारणारे थर्मामीटर मिळतात, पण ते वरचं कातडंच मोजतात आणि ते गाडी थांबेपर्यंत गार झालेलं असतं. सुई रबरात जाते. ज्या चाकावर जास्त भार येत होता त्याची बाहेरची कड 97 अंश, मध्य 89, आतली कड 66. म्हणजे टायर आपल्या बाहेरच्या बोटांवर उभं राहून वळत होतं, आतली तीन बोटं बिनकामाची. हवा चढून 42 झालेली. खडूच्या रेघा तर खांद्याच्याही खालपर्यंत पुसलेल्या.

आणि पट्टी? पट्टी पार वरच्या रबरी ठोकळ्यात जाऊन चेपली होती. दोन्ही बाजूंना.

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथंच होती. शॉकअपच्या दांड्यावर शेवटाला रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो. स्प्रिंग पूर्ण दबून लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो शेवटचा पहारेकरी. दादांची गाडी आधीच्या गॅरेजनं इतकी खाली बसवली होती की वळणात जरा कलली, की बाहेरचं पुढचं चाक थेट त्या ठोकळ्यावर. त्या क्षणी स्प्रिंग संपते आणि त्या कोपऱ्यात जणू दगड येतो. मग पुढची सगळी वजनाची हलवाहलव त्या एकाच टायरवर पडते. टायरचा स्वभाव असा की वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, काहीतरी कमीच पडते. दोन टायरांनी वाटून घेतलेलं ओझं एकावर आलं की एकूण पकड घटते आणि गाडीचं नाक सरळ पुढं जाऊ लागतं. दादांना वाटत होतं स्प्रिंग मऊ आहे. खरं तर ती स्प्रिंग वळणात कामालाच नव्हती.

वाकून लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, दाखवला. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असायला हवं. इथं ते वर चढलेलं. अशा वेळी गाडी कलली की आर्म चाकाचा बुडखा आत ओढतो, चाक वरून बाहेर झुकतं आणि टायर आणखी कडेवर जातं. गाडी खाली बसवली की ती चिकटून चालते असा सार्वत्रिक समज आहे. या जातीच्या सस्पेन्शनला तो एका मर्यादेपर्यंतच खरा. त्यापुढं ते फक्त फोटोसाठी.

स्प्रिंगची बैठक 18 मिलिमीटर वर घेतली. दादांनी लांब जाऊन गाडीकडं पाहिलं. "मिस्त्री, जीप दिसतीया ओ आता."

"दिसू दे."

दुसरं सत्र तेवढ्यावर आणि हवा उतरवून काढलं, थोडा फरक पडला. जेवणाच्या सुट्टीत खरं काम केलं. पुढच्या चाकांचा झुकाव मोजला तर एका बाजूला उणे 0.7 अंश, दुसऱ्या बाजूला उणे 1.3. उणे म्हणजे चाकाची वरची कड आत झुकलेली. शॉकअपच्या वरच्या प्लेटा दोन वेगळ्या खुणांवर कुणीतरी आवळून सोडून दिल्या होत्या. दोन्ही उणे 2.4 वर आणल्या. झुकाव हलवला की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, हलतोच, म्हणून गाडीच्या दोन्ही अंगांना चार स्टँड लावून तंगूस ताणलं. मासेमारीचा धागा. गवंडी भिंतीला दोरी धरतो तसंच, फक्त आधी दोन्ही दोऱ्या गाडीच्या मधल्या रेषेला समांतर आहेत ना ते मोजून घ्यावं लागतं. दुकानात माझ्याकडं कॅमेरेवालं मशीन आहे, पण ट्रॅकवर तंगूस आणि पोलादी पट्टी यांच्यावर माझा जास्त विश्वास. पुढची चाकं प्रत्येकी एक मिलिमीटर बाहेर उघडली, म्हणजे स्टिअरिंग फिरवताच नाक पटकन आत यावं. टाय रॉडचे नट आवळले, पान्यानं पुन्हा एकदा तपासले.

इथवर ठीक होतं. मग मी जास्तीची हुशारी केली. पुढच्या टायरात गरम झाल्यावर 33 यावं अशी हवा ठेवली होती. मागच्या दोन्हींत तिच्याहून 4 जास्त भरली. मागची पकड थोडी कमी झाली की गाडी मागून फिरायला मदत करते, जुनी युक्ती आहे. दादांना सांगितलं का? "आता चांगली वळेल" एवढंच सांगितलं.

तिसऱ्या सत्रातल्या पहिल्या दोन मोजलेल्या फेऱ्या बघण्यासारख्या होत्या. सकाळपेक्षा दोन सेकंदांहून जास्त फरक. पिटच्या भिंतीला टेकून मी घड्याळ बघत होतो आणि स्वतःवर खूश होत होतो. तिसऱ्या फेरीत दादा एका वेगाच्या वळणात जरा जास्तच जोरात शिरले. लांबून मला एवढंच दिसलं की नाक आत आलं, मग मागचा भाग दिसला, मग पुढचे दिवे माझ्याकडं वळले. गाडी उलटी फिरून गवतात गेली आणि धुरळ्यात बंद पडली.

टायरांचा आवाज थांबल्यावर जी शांतता पसरते ती मला अजिबात सोसत नाही. मग स्टार्टर फिरल्याचं ऐकू आलं. गाडीला काही झालं नव्हतं, माणसालाही नाही. दादा हळूहळू पिटमध्ये आले, हेल्मेट काढलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली. हात थरथरत होता आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"मिस्त्री, आता लईच वळाय लागलीया की ओ."

मी हसलो नाही. सकाळीच मी पायांपाशी टेपनं एक मोबाइल चिकटवला होता, पेडलांचं चित्रण करायला, आणि सुट्टीत ते बघायचं राहून गेलं होतं. आता सावलीत बसून आम्ही दोघांनी ते पाहिलं. प्रत्येक वळणात तेच. सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात दाबलेला, ठीक. मग वळणाच्या तोंडाशी पाय ब्रेकवरून एकदम उडालेला. सेकंदभर पाय हवेत. त्याच वेळी हात स्टिअरिंग फिरवतायत. मग ॲक्सिलरेटरला एक टोला. गाडी वळत नाही असं वाटलं की पाय पुन्हा झटकन वर.

या चालवण्यात एक हिशेब होता, तो कळायला मला दोन वेळा बघावं लागलं. ब्रेक दाबलेला असताना वजन पुढच्या टायरांवर असतं, नेमकं जेव्हा त्यांना वळायचं असतं. पाय उडाला की नाक वर उठतं, वजन मागं पळतं, पुढचे टायर हलके होतात. हा झाला दोष. पण शेवटी जो पाय ॲक्सिलरेटरवरून झटकला जात होता, तो दोष नव्हता, तो दादांनी शोधलेला इलाज होता. ठोकळ्यावर बसलेली ती गाडी दुसऱ्या कशानं वळतच नव्हती. पाय सोडला की वजन पुढं येऊन नाक थोडं आत यायचं. नऊ महिने गाडीनं त्यांना हेच शिकवलं होतं. आणि मी एका तासात गाडी बदलली, हवेचा खेळ करून तिचं शेपूट सैल केलं आणि त्याच पायाच्या हवाली केली. जुन्या गाडीत ज्या झटक्यानं नाक आत यायचं, त्याच झटक्यानं नव्या गाडीत शेपूट पुढं आलं. या गाडीला घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही नाही.

"दादा, चूक माझी आहे," मी म्हटलं. मागच्या हवेचं तेव्हा सांगितलं.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असू दे. पण हे ब्रेकचं काय म्हणताय? जरा नीट सांगा."

मी वजन, पकड असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी मध्येच हात वर केला. "म्हणजे बीमचा ताण म्हणा की. मागावर ताणा एकदम सैल सोडला तर धोटा अडकतो, सूत तुटतंय. ताण हळूहळू सोडायचा असतोय." पंधरा मिनिटं मी जे समजावत होतो ते या माणसाला लहानपणापासून माहीत होतं, फक्त पायाला माहीत नव्हतं.

मागची हवा पुढच्याइतकी केली. पुढचा टो शून्यावर आणला, झुकाव तसाच ठेवला. शेवटच्या सत्रात परवानगी काढून मी हेल्मेट घालून शेजारी बसलो. माझं पोट अशा कामाला बनलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या दोन फेऱ्या निम्म्या वेगात. वळण आलं की मी नुसतं "ताण... ताण... सोडा, सोडा, सोडा" म्हणत होतो. ब्रेक पूर्ण सुटेपर्यंत गाडी वळणात शिरलेली असायला हवी, जितकं स्टिअरिंग वाढेल तितका ब्रेक कमी. तिसऱ्या फेरीपासून मी बोलायचं बंद केलं, थोडं त्यांना जमू लागलं म्हणून आणि थोडं पोटामुळं.

हातांचं एक राहिलं होतं. नाक बाहेर जातंय असं वाटलं की ते स्टिअरिंग आणखी पिळायचे. टायर आधी बारीक किंचाळतं, तोवर त्याच्यात दम असतो. जास्त पिळलं की आवाज जाड होतो, खरवडल्यासारखा, आणि त्यापुढं कितीही फिरवा, गाडी वळत नाही, नुसतं रबर झिजतं. मी दोनदा त्यांच्या कोपराला बोट लावलं. तिसऱ्यांदा तो जाड आवाज आला तेव्हा त्यांनी आपणहून स्टिअरिंग जरासं उघडलं, आणि नाक आत आलं. ते मोठ्यानं काहीतरी ओरडले. हेल्मेटमधून मला फक्त "आयला" ऐकू आलं.

सकाळपेक्षा 1.6 सेकंद कमी लागले. गवतात जाण्याआधीच्या त्या दोन फेऱ्यांपेक्षा हे हळूच. पण शेवटच्या पाच फेऱ्या एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाच्या आत होत्या. पुढच्या टायरची आतली कड आता बाहेरच्या कडेपेक्षा 6 अंशांनी गरम होती, मला हवी तशी. पट्टी ठोकळ्याच्या 9 मिलिमीटर अलीकडं थांबली होती.

स्विफ्ट टेम्पोत चढवून दोऱ्या आवळेपर्यंत अंधार पडला. दादांनी पुन्हा विचारलं, "मग कडक स्प्रिंग?"

"अजून दोन ट्रॅक-दिवस या स्प्रिंगवर चालवा. मग बघू."

सेलमच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा मी वहीत आकडे उतरवून घेतले. पुढं उणे 2.4, टो शून्य, गरम हवा 33, मागं 33. त्याखाली लिहिलं: पुढच्या वेळी मागं 1 वाढवून बघणे. मग कंसात, त्यांना सांगून.