पाकीट गेलं एकदाचं

पस्तीस वर्षं देवगड तालुक्यात दुसऱ्यांची पत्रं वाटली. परवा स्वतःचं पाकीट टाकताना हात थरथरला.

आठवणींचं आख्खं बाड १८० पानांचं. पण जिची पुस्तकं टपालाच्या पिशवीत घालून फिरलो, त्या लेखिकेवर एवढं ओझं टाकायची छाती झाली नाही. बाराच पानं पाठवली. सोबतचं पत्र आधी चार पानी झालं होतं. ही म्हणाली, "अहो, पत्र आहे की सातबारा?" मग सहा ओळींत उरकलं. प्रस्तावना मागितली नाही. ती मागणं म्हणजे ओळखीआधी सोयरीक.

प्रकरण निवडलं मनीऑर्डरचं. गिरणीतल्या मुलाचे पैसे नेले की म्हातारी नोटा नंतर मोजायची, आधी कूपनवरच्या दोन ओळी वाचून घ्यायची. "झिलान काय लिवल्यान?" १९८२ च्या संपानंतर त्या मनीऑर्डरी आटल्या. एकदा आली ती तीस रुपयांची, कूपन कोरं. मी कोऱ्या कागदावरून वाचलं, "बरो आसंय, काळजी करू नको." हे आजवर हिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

काउंटरवर सवयीने "रजिस्टर करा" म्हणालो. पोरगी हसली. रजिस्टर १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच गेलंय, हे मला, जुन्या पोस्टमनला, तिनं सांगावं!

काल मोबाइलवर दिसलं, पाकीट पुण्यात पोचलं. आज पोस्टमन गेला तेव्हा मी उगाचच बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, झावळ्या गोळा करत होतो.