दोन मिनिटांची प्रार्थना

रविवार, २५ जानेवारी २०२६

ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आज संपला. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी. १९०८ साली सुरू झालेली ही प्रथा मी लग्नाआधीपासून पाळते आहे. यंदा बुधवारी शास्त्र वाचायची पाळी माझ्यावर आली. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १७, ‘त्या सर्वांनी एक व्हावे’. इतक्या वेळा वाचलेला भाग, पण माझा आवाज बसला. कारण याच नगरमध्ये, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर माझा सख्खा धाकटा भाऊ राहतो आणि त्याच्याशी मी चौदा महिने बोललेले नव्हते.

त्याचं असं झालं. सहा वर्षांपूर्वी तो एका स्वतंत्र सहभागितेत, म्हणजे कुठल्याही जुन्या चर्चशी न जोडलेल्या उपासनेच्या गटात, जाऊ लागला आणि तिथं त्यानं धरणाच्या पाण्यात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आईनं त्याला तीन महिन्यांचा असतानाच बाप्तिस्म्यासाठी मंडळीपुढे, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेलं होतं. ते पांढरं अंगडं अजून माझ्या ट्रंकेत आहे, गळ्याशी आईनं स्वतः विणलेली क्रोशाची किनार आहे त्याला. मी त्याला म्हणाले, “मग त्या दिवशी आई वेदीसमोर उभी राहिली ते काय खोटं होतं?” तो म्हणाला, “ताई, तो आईचा विश्वास होता. माझा कुठे होता?” तेव्हापासून बोलणं तुटत गेलं. घरी आला की ‘सलाम’ऐवजी ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणायचा, आणि मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही.

पण अबोल्याचं खरं कारण वेगळं आहे, ते आज लिहिते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आई गेली. मातीच्या वेळी तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, आमचे पास्टर आलेत, त्यांना दोनच मिनिटं प्रार्थना करू दे.” मी सगळ्यांदेखत म्हणाले, “इथं आपल्याच पाळकसाहेबांचा विधी होईल. बाहेरचं कोणी नको.” पाळकसाहेब काहीच म्हणाले नव्हते; त्यांना मी विचारलंच नव्हतं. धाकटा मागे गेला, कडुलिंबाखाली उभा राहिला. मूठभर माती टाकायला पुढे आला तो सर्वांत शेवटी.

चौदा महिने मी मत्तय ५ मधला तो भाग उलटा वाचत होते. वेदीपाशी दान आणलंस आणि काही आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. मला वाटायचं, माझ्या मनात त्याच्याविषयी जे आहे ते आठवायचं. तसं नाही. भावाच्या मनात *माझ्या*विरुद्ध काही आहे हे आठवलं तर, असं ते आहे. म्हणजे उठायचं मला आहे.

आमचं घराणं मूळचं अमेरिकन मराठी मिशनचं, १८३१ पासून नगरला रुजलेलं. त्या परंपरेत बिशप नव्हते. आजोबांना बिशप हा शब्दसुद्धा मानवायचा नाही म्हणे. तरी आज आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आणि आमचे बिशप आहेत. १९२९ मध्ये सुरू झालेली बोलणी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात पूर्ण झाली आणि सहा मंडळ्या, म्हणजे सहा वेगवेगळी चर्च, एक होऊन सीएनआय झालं. एकेचाळीस वर्षं लागली. मेथडिस्टांपैकी एक मोठी मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर थांबली, त्याचं अनेकांना दुःख झालं. जे आले त्यांनी काय सोडलं ते मी या आठवड्यात पुन्हा वाचलं. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयात पाण्यात बुडवून देणारे, दोघांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केला. बिशप नको म्हणणाऱ्यांनी बिशप स्वीकारले. आणि पाळकपणाची दीक्षा आधीच झालेली माणसं, त्यांत बिशपही आले, गुडघे टेकून बसली आणि दुसऱ्या मंडळ्यांच्या सेवकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. ज्याला आपल्या दीक्षेचा अभिमान आहे त्याला हे किती जड गेलं असेल! पुन्हा बाप्तिस्मा घेणं आमच्या मंडळीत बसत नाही, ते मला आजही पटत नाही. पण ज्या मंडळीच्या नावानं मी भावाला अडवलं, ती मंडळी उभीच राहिली आहे दुसऱ्याचे हात आपल्या डोक्यावर घेऊन.

आमच्या समोर राहणाऱ्या वसईच्या काकू कॅथलिक आहेत. त्या क्रूस म्हणतात, आम्ही वधस्तंभ. शुक्रवारी त्यांच्या चर्चमधून परत येताना म्हणाल्या, “तुमचा तो शब्द ऐकला की अंगावर काटा येतो गं.” मलाही आला, त्या दिवशी पहिल्यांदा. लहानपणापासून तोंडात असलेला शब्द, त्यात वध आहे हे कधी कानांना लागलंच नव्हतं. वधस्तंभ उचला, हे मत्तय सांगतो, मार्क सांगतो. ‘दररोज’ हा शब्द मात्र लूकनं घातला आहे. वर्षातून एकदा उत्तम शुक्रवारी नाही. सोमवारी, मंगळवारी, भावाचा नंबर समोर दिसत असताना.

म्हणून आज सकाळी आमची पहिली उपासना करून मी त्याच्या सहभागितेत गेले. जाताना पर्समध्ये वही ठेवली होती, बाळांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूची सगळी वचनं उतरवलेली. दारात चपला घातल्या आणि परत आत जाऊन ती वही कपाटात ठेवून आले. एवढंसं करायला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं.

पत्र्याची शेड, खाली सतरंज्या, कीबोर्ड, ढोलकी. दारातच तो दिसला. मी “प्रेज द लॉर्ड” म्हणाले, अडखळतच. त्यानं काही न बोलता माझ्यासाठी खुर्ची आणून भिंतीशी ठेवली. माझे गुडघे दुखतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अडीच तास चाललं. सगळं मला भावलं असं नाही, आवाज फार होता. पण आजाऱ्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना झाली तेव्हा माझे डोळे भरून आले.

नंतर मोरीपाशी तो कप विसळत होता, तिथं गाठून बोलले. बाप्तिस्म्याचं अवाक्षर काढलं नाही. “आईच्या मातीला मी तुझ्या पास्टरना प्रार्थना करू दिली नाही. ते माझं चुकलं. तुला मागे उभं राहावं लागलं. मला क्षमा कर.” ‘पण’ हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. नळ चालूच होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मला राग त्याचा नव्हता ताई. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.” हे मला खरंच माहीत नव्हतं. चौदा महिने मी ज्या गोष्टीचं समर्थन मनात करत होते, ती त्याच्या दुखण्याची गोष्टच नव्हती.

क्षमा केली असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. आमच्या प्रभुभोजनाला ये म्हटलं, तर “बघतो” म्हणाला.

आईच्या कबरीवरचा क्रूस पावसाळ्यापासून कलला आहे, तो शनिवारी नीट बसवायचं ठरलं. सिमेंट तो आणणार, घमेलं आणि पाण्याचा कॅन मी. त्याचे पास्टर येतील. आमच्या पाळकसाहेबांना मी संध्याकाळीच फोन केला, तेही येतो म्हणाले. आधी कोणी प्रार्थना करायची हे कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. ट्रंकेतलं अंगडं उन्हात घालून ठेवायला हवं, डांबराच्या गोळ्यांचा वास येतो त्याला.