मोडी किती आली, हे मोजताना

इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या घरी पणजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वाईहून आलेली ४१ पत्रे आणि घरखर्चाची दोन बाडे असून सगळा मजकूर मोडी या जुन्या मराठी लिपीत आहे. निवृत्तीनंतर हे कागद स्वतः वाचायचे असे ठरवून मी रामबागेतील एका निवृत्त शिक्षकांकडे दर रविवारी सकाळी जाऊ लागलो. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी वहीत प्रगतीचा तक्ता आखला.

पहिला रकाना ओळखता येणाऱ्या अक्षरांचा होता. तो तीन आठवड्यांत पूर्ण भरला, आणि मोठ्या उमेदीने पेटीतले पहिले पत्र उघडले, तर सलग दोन शब्दही लागेनात. शिकताना गिरवलेली अक्षरे सुटी होती. पत्रात मात्र आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडत नेलेली असतात. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि ‘र’ तर शेजार पाहून रूप पालटतो.

मग अक्षरे सोडून मी पत्रातल्या लागलेल्या शब्दांची टक्केवारी काढू लागलो. चौथ्या महिन्यात ती सत्तरवर गेली. सरांना ती अभिमानाने दाखवली, तेव्हा त्यांनी पत्राच्या वरच्या तीन आणि खालच्या दोन ओळी हाताने झाकल्या आणि म्हणाले, “आता मोजा.” टक्केवारी चाळिसाच्या आसपास आली. वरचा मायना आणि शेवटचे ‘लोभ असावा हे विनंती’ प्रत्येक पत्रात जवळपास तेच असते; ते मला पाठ झाले होते आणि मी ते वाचले असे समजत होतो. त्या दिवसापासून मायना आणि समारोप हिशेबातून वगळले.

पाठ होण्याचा धोका उरलेल्या मजकुरालाही होताच, कारण तेच पत्र तिसऱ्यांदा वाचताना डोळ्यांपेक्षा आठवणच अधिक काम करते. म्हणून न उघडलेली सहा पत्रे मी एका पाकिटात बंद करून ठेवली आणि दर दोन महिन्यांनी त्यांतले एक काढून, कोणाचीही मदत न घेता वाचून, सरांकडून तपासून घ्यायचे ठरवले. पहिल्या पत्रात ३८ शब्द अडले आणि ६ चुकले. दुसऱ्यात २१ अडले आणि १९ चुकले. दोन्हींची बेरीज जवळजवळ सारखीच होती. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ पडते, ती पडू नये म्हणून मी नकळत अंदाज ठोकू लागलो होतो. ‘सूत’ हा शब्द ‘सुत’ असा वाचून मी कोणाचा तरी मुलगा वाईहून इंदूरला पाठवून दिला होता. प्रत्यक्षात ते जानव्यासाठी पाठवलेले सूत होते. तेव्हापासून चुकलेल्या शब्दाला मी अडलेल्या शब्दाच्या तिप्पट भार दिला, आणि ‘लागत नाही’ असे लिहिण्याची लाज हळूहळू गेली.

तथापि सर नेहमी उपलब्ध असतील असे नव्हते. त्यांच्यावाचून तपासणी करण्याचा मार्ग बाडांनी दाखवला. खर्चाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज असते, त्यामुळे माझे वाचन बरोबर असेल तर ती जुळलीच पाहिजे. मी नोकरीला लागलो तेव्हा आणे व्यवहारातून केव्हाच गेले होते, कारण दशमान नाणी १९५७ सालीच आली. सोळा आण्यांचा रुपया मला नव्याने शिकावा लागला. दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे आणि दोन आडव्या म्हणजे दोन आणे. त्यामुळे बेरजेत सहा आण्यांचा फरक पडला की कोणत्या तरी उभ्या रेघा मी आडव्या वाचल्या आहेत असा संशय घेऊन त्या शोधायच्या, आणि बहुधा त्या सापडत. पत्रांत बेरीज नसते, पण तारखेत थोडासा आधार मिळतो. एका पत्रात सालाच्या शेवटच्या आकड्यावर शाई फुटली होती आणि मी शके १८१४ असे वाचले होते. पुढे मात्र ‘हेमलंबीनाम संवत्सरे’ असे स्वच्छ लिहिलेले होते. साठ संवत्सरांच्या क्रमात १८१४ला नंदन येते आणि हेमलंबी १८१९ला, म्हणजे पत्र इसवी सन १८९२चे नसून १८९७चे ठरले.

पाकिटातल्या सहाव्या पत्रात ९ शब्द अडले आणि २ चुकले. दोन्ही बाडेही वाचून झाली आहेत. फक्त दुसऱ्या बाडातले एक पान जुळत नव्हते. फरक बरोबर एका रुपयाचा होता. तीन वेळा वाचले, शेवटी सरांकडे नेले. त्यांनी एकेक रक्कम मोठ्याने वाचली, मी ती लिहून घेतली, तरीही तोच एक रुपया उरला. मग मी नुसते आणे वेगळे मांडून पाहिले. वाचन बरोबर होते. आण्यांच्या बेरजेचा हातचा एक पणजोबाच धरायचा विसरले होते.